डबलसीट देशभर

सिंगापूरचा अख्खा देश मोटरसायकलवरून पालथा घालायला किती दिवस लागतात, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर आहे, एक सकाळ. पूर्वेला चांगीत चहा पिऊन निघालात आणि रस्त्याने साथ दिली, तर पश्चिमेला तुआसला पोचेपर्यंत चहाची तल्लफ पुन्हा यायची असते. आम्हाला मात्र सगळा महिना पुरला नाही. त्याचं कारण माझे वडील.

त्यांना आम्ही पप्पा म्हणायचो. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. आमच्या घरी बाहेरच्या खोलीत भारताचा मोठा नकाशा टांगलेला होता, शाळेने बाद केलेला, खालची लाकडी पट्टी तुटलेला. त्यावर पप्पांनी लाल पेन्सिलीने गोल काढले होते. गोव्यात, केरळात, मद्रासच्या आसपास, पार वर शिलाँगपर्यंत. एक गोल म्हणजे एक चर्च. मोटरसायकल घ्यायची, आईला डबलसीट बसवायचं आणि देशभरातली चर्चं बघत हिंडायचं, असा त्यांचा बेत होता, आणि तो माझ्या जन्माआधीचा होता.

मोटरसायकल आली. जुनी राजदूत, आवाजावरून गल्लीला कळायचं मास्तर आले. बेत मात्र दर उन्हाळ्यात ठरायचा आणि दर उन्हाळ्यात मोडायचा. कधी जनगणना, कधी निवडणुकीची ड्युटी, कधी धाकट्या आत्याचं लग्न. सरकारला आणि नातेवाइकांना मास्तरांची सुट्टी बरोबर दिसते. आई म्हणायची, "कन्याकुमारी राहू द्या, आधी कोपरगावला माझ्या बहिणीकडे तरी न्या."

मग आई गेली. राजदूत गेली. पप्पांचे गुडघेही गेले, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता मोटरसायकलला किक मारायची नाही. नकाशा तेवढा भिंतीवर राहिला.

आम्ही तेव्हा पासिर रिसला आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी, माझी बायको सुनीता आणि दहा वर्षांची रूथ. सुनीता एका बँकेत अकाउंट्स बघायची. मी वन-नॉर्थला, बोना व्हिस्टा स्टेशनाजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. लोक एमआरटी रेल्वेने यायचे, मी मोटरसायकलने जायचो. सेकंडहँड घेतलेली, दीडशे सीसीची, निळी जपानी गाडी. आई गेल्यावर दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठे पप्पा एकदाचे आले, आणि आल्या दिवशी समुद्र नाही, मॉल नाही, आधी खाली पार्किंगमध्ये गाडी बघायला गेले.

"विजय, किक कुठाय हिची?"

"किक नाही पप्पा. बटण आहे."

त्यांनी बटण दाबलं. गाडी लगेच सुरू झाली. त्यांनी पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. "असं होय," म्हणाले आणि गप्प झाले. त्या गप्प होण्याची मला लहानपणापासून ओळख आहे. रात्री जेवताना त्यांनी विचारलंच, "या देशात चर्चं किती असतील रे?"

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने सांगून टाकलं, की गाडी आता फार दिवस नाही. इथे गाडी विकत घेतली तरी ती रस्त्यावर ठेवायचा परवाना दहा वर्षांचाच मिळतो, त्याला सीओई म्हणतात. तो पुढे वाढवायचा तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. आमच्या गाडीची मुदत महिनाअखेर संपत होती. मग ती मोडीत.

"चालती गाडी? मोडीत?" पप्पांचा घास हातातच राहिला. "माणसाला सुद्धा कोणी तारीख सांगत नाही."

"इथे नियम आहे तसा."

"बरं." त्यांनी घास खाल्ला. "माझा व्हिजा कधीपर्यंत आहे?"

"महिनाअखेर."

"मग आमची दोघांची मुदत एकदमच संपते म्हण की. वाट कशाची बघायची?"

"पप्पा, डॉक्टर काय म्हणाले होते?" सुनीता म्हणाली.

"किक मारायची नाही म्हणाले. मागे बसायचं नाही, असं म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर आराखडा सुरू झाला. तेव्हा मोबाइलवर नकाशे नव्हते. रस्त्यांचं एक जाडजूड पुस्तक मिळायचं, ते पप्पांनी उघडलं आणि सुनीताच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन वळणावळणाने अंतरं मोजायला बसले. मुक्कामाची ठिकाणं, पेट्रोल कुठे भरायचं, जादा क्लच केबल, सुतळी, टॉर्च, पाण्याचा कॅन, वाटेत गाव लागलं नाही तर खायला दशम्या. रूथ शेजारी बसून शार्पनरने पेन्सिली तासत होती. तिला राहवेना.

"आजोबा, सिंगापूर व्हेरी स्मॉल लाह. वन डे कॅन फिनिश."

"फिनिश करायला कोण निघालंय?" आजोबा म्हणाले.

लहान देश मोठा करायची युक्ती त्यांनी शोधली होती. एका फेरीत एकच चर्च. गेल्या रस्त्याने परत यायचं नाही. पंथ बघायचा नाही, दार उघडं असलं की आत जायचं. आणि एक तरी मुक्काम घराबाहेर झालाच पाहिजे, कारण मुक्कामाशिवाय प्रवास म्हणजे नुसती ये-जा. मी ऑफिसातून उरलीसुरली रजा काढली. साहेबाने विचारलं, "गोइंग ओव्हरसीज?" मी म्हटलं, नाही, इथेच जरा देशाचा दौरा आहे. तो बराच वेळ हसला.

एक गोष्ट मात्र त्यांनी आराखड्यात सांगितली नव्हती. त्यांच्या बॅगेत आपल्या शेताच्या तुकड्यातल्या बाजरीची एक कापडी पिशवी होती. मला वाटलं भाकरीसाठी आणली असेल.

मरीन परेड

पहिला टप्पा समुद्राकाठच्या रस्त्याने मरीन परेडकडे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात नगरी चपला आणि डोक्यावर माझं जुनं लाल हेल्मेट. पप्पा मागे ताठ बसले होते. सिग्नलला थांबलो की खांद्यावर थोपटून विचारायचे, "वेग जास्त नाही ना?" आणि सुटलो की, "जरा दाब की." झाडांच्या कमानीखालून रस्ता जातो, डाव्या हाताला जहाजं नांगरून उभी असतात. पप्पा मागून ओरडून सांगत होते की ही मलाक्काची सामुद्रधुनी, सातवीच्या पुस्तकात होती. ती सिंगापूरची सामुद्रधुनी आहे हे मी सांगितलं नाही. दौऱ्याच्या पहिल्याच दिवशी मास्तरांची चूक काढायला मी कशाला जातो?

चर्च जुनं, क्रीम रंगाचं, मागे उंच इमारतींची रांग. रविवारची इंग्रजी उपासना चालू होती. दारात पप्पांनी चपला काढल्या. आमच्याकडे गावातल्या चर्चमध्ये अनवाणीच जातात, खाली सतरंजीवर बसतात. इथे बाकं होती आणि सगळ्यांच्या पायात बूट. पप्पा अनवाणी पुढे चालत गेले आणि मी माझे बूट घालून त्यांच्या मागे.

दानाची वेळ झाली. मखमलीची पिशवी एकेका हातातून पुढे सरकत आली. पप्पांनी खिशात हात घातला आणि मूठभर बाजरी त्या पिशवीत सोडली.

सर्रकन आवाज झाला. पुढच्या बाकावरच्या दोन चिनी बायकांनी वळून पाहिलं. मला कळलंच काय झालं ते, पण उशीर झाला होता.

आमच्याकडे सुगीचा सण असतो. पीक निघालं की पहिला वाटा चर्चमध्ये आणायचा. बाजरी, कांदे, अंडी, कोणी कोंबडी, कोणी शेळीचं करडू. उपासना झाली की वेदीपुढे सगळ्याचा लिलाव होतो, आणि पाळकसाहेब स्वतः कोंबडीचे पाय धरून बोली लावतात. पप्पांनी सगळी वर्षं मनात ठरवलं होतं की देशभर फिरताना प्रत्येक चर्चमध्ये घरच्या धान्याची एक मूठ ठेवायची. तेवढ्यासाठी ती पिशवी विमानातून आली होती.

उपासना संपल्यावर एक म्हातारे चिनी गृहस्थ आमच्याकडे आले. ते दान मोजणाऱ्यांपैकी होते. हातात मखमलीची पिशवी, चेहरा गोंधळलेला.

"अंकल, यू पुट बर्डसीड, आह?"

पप्पांनी मास्तरकीच्या स्वच्छ इंग्रजीत सगळं समजावलं. जमीन, पाऊस, पहिला वाटा. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं, तळहातावर चार दाणे घेतले, वास घेतला.

"कॅन कुक?"

"येस, येस. भाकरी." पप्पांनी हवेत दोन्ही हातांनी भाकरी थापून दाखवली. म्हातारबुवांनीही तसंच करून पाहिलं. चर्चच्या पायऱ्यांवर दोन म्हातारे टाळ्या वाजवत असल्यासारखे उभे होते आणि येणारे-जाणारे बाजूने वाट काढत होते. इकडे तळहातावरून सांडलेले दाणे पायऱ्यांवर पडले, त्यांच्यावर कबुतरं आणि साळुंक्या उतरल्या आणि झाडूवाल्या बाई धावत आल्या. "अंकल, कॅनॉट फीड बर्ड! लेटर काना फाइन!"

"फाइन म्हणजे छान म्हणतात का त्या?" पप्पांनी मला विचारलं, पण डोळे मिचकावून. दंड होईल म्हणतात, हे त्यांना समजलं होतं. खाली वाकून त्यांनी दाणे वेचायला सुरुवात केली, गुडघे धरून. मग मी वाकलो, मग ते म्हातारबुवाही वाकले.

मुक्काम त्याच दिवशी झाला. जवळच माझा मित्र मिलिंद गोखले राहायचा, पुण्याचा, बँकेतला, आता इथलाच नागरिक. त्याला मी फोनवर सांगितलं की प्रवासात आहोत, रात्री टेकायला जागा हवी. तो म्हणाला, "अरे, तुझं घर इथून पंधरा मिनिटांवर आहे." मी म्हटलं, माहीत आहे, पण पप्पा दमलेत. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. पुणेकर असून विचारला नाही, याची मी अजून आठवण काढतो. त्याच्या बायकोने पिठलं-भात केला, खास पाहुण्यांसाठी खालच्या हॉकर सेंटरवरून, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतून, लाक्सा आणलं. पप्पांनी लाक्सा चाखलं आणि म्हणाले, "ही तर नारळाची आमटी. शेवया कोणाच्या चुकून पडल्या?" जेवणानंतर मिलिंदने पेटी काढली आणि पप्पांनी अभंगाच्या चालीवरची आमची भजनं म्हटली. बाराव्या मजल्यावरच्या त्या कॉन्डोत, समुद्राच्या वाऱ्यात, मला आमची गावची सतरंजी आठवली, आणि तिच्यावर आईची जागा.

सहावा मजला

पुढच्या आठवड्यात शहरातलं एक पांढरंशुभ्र मोठं चर्च झालं, एक चिनी कौलांचं झालं. मग एका सहकाऱ्याने सुचवलेल्या ठिकाणी गेलो, तर ती कारखान्यांची इमारत निघाली. खाली टायरचं दुकान, वर छापखाने, आणि सहाव्या मजल्यावर चर्च. इथे जागा महाग, म्हणून देवही गाळा भाड्याने घेतो.

"लिफ्टने चर्चला?" पप्पा म्हणाले. "गुडघ्यांची सोय बघितलेली दिसते."

आत गिटार, ड्रम आणि पडद्यावर गाण्याचे शब्द. तरुण पोरं-पोरी नाचत होती. मला वाटलं पप्पांना रुचणार नाही. पण ते टाळ्या वाजवत उभे राहिले, अर्थात भजनाच्या ठेक्यात, त्यामुळे आमच्या रांगेची लय शेवटपर्यंत जुळली नाही. बाजरी त्यांनी या खेपेला कागदाच्या पुडीत बांधून दिली. शहाणपण आलं होतं. चपला मात्र सवयीने लिफ्टपाशी काढल्या, आणि बाहेर येऊन बघतो तर गायब. खाली वॉचमनच्या टेबलावर त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या होत्या. बेवारस वस्तू म्हणून कोणीतरी आणून दिल्या होत्या. वॉचमनने पप्पांची सही घेऊन त्या परत केल्या. त्याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. गावाकडे चर्चबाहेरून चपला गेल्या की गेल्या, सही कोणाची घेणार?

पुलाखाली

महिना संपत आला होता. उत्तरेकडे जायचं म्हणून हमरस्त्याला लागलो आणि पावसाने गाठलं. इथला पाऊस समोरचा रस्ता पुसूनच टाकतो. अशा वेळी मोटरसायकलवाल्यांची एक रीत आहे. जो पहिला उड्डाणपूल लागेल त्याच्या खाली कडेला गाड्या लावून उभं राहायचं. तिथे वीस-पंचवीस जण आधीच होते. बहुतेक जण मलेशियाचे, जाकिटं छातीला वारा लागू नये म्हणून उलटी घातलेली, बटणं पाठीकडे. कोणी कोणाला ओळखत नव्हतं, पण सरकून जागा देत होतं.

पप्पा मजेत होते. डबा उघडून त्यांनी शेंगदाण्याचे लाडू वाटायला सुरुवात केली. शेजारी उभा असलेला एक मध्यमवयीन तमिळ माणूस होता, सेल्वम नावाचा. त्याने लाडू घेतला आणि आपल्या पुडीतला केळीच्या पानातला नारळाचा भात पप्पांपुढे केला.

"व्हेअर यू स्टे?" पप्पांनी विचारलं.

"जोहोर, अंकल. मलेशिया साइड. वर्क हिअर, शिपयार्ड."

"रोज येता?"

"एव्हरीडे. मॉर्निंग कम, इव्हनिंग गो बॅक."

पप्पांनी भात तोंडाजवळ नेलेला हात खाली घेतला. मराठीत मला म्हणाले, "हा रोज परदेशी जातो? डबा घेऊन?" आणि मग सेल्वमकडे अशा आदराने बघत राहिले की तो बिचारा लाजला. चाळीस वर्षं पोरांना देशांच्या सीमा शिकवणाऱ्या माणसाला सीमा रोज ओलांडणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

आम्ही चर्चं बघत फिरतोय म्हटल्यावर सेल्वम म्हणाला की क्रांजीच्या बाजूला एक छोटं चर्च आहे, तमिळ उपासना असते, त्याचे मामा तिथे जातात. तिथून पुढे गेलात की पाणी लागतं. "आफ्टर दॅट, नो मोर सिंगापूर," तो हसून म्हणाला. पाऊस थांबला. सगळे एकदम निघाले. सेल्वमने हॉर्न वाजवला आणि दिसेनासा झाला.

क्रांजी

ते चर्च खरंच छोटं होतं. पत्र्याचं छप्पर, अंगणात केळी, बाहेर चपलांची रांग. चपलांची रांग बघून पप्पा थबकले आणि मग हसले. आत बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या, डोक्यावर पदर. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. दानाच्या वेळी पप्पा उठले, पिशवीत उरलेली सगळी बाजरी ओंजळीत घेतली आणि वेदीकडे गेले. मला धाकधूक होती. पण पुढे बसलेल्या एका म्हातारीने ओंजळ बघितली, काही न विचारता उठली, कोपऱ्यातलं पितळी ताट आणलं आणि धरलं. बाजरी ताटात पडली. तिने ताट वेदीवर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली.

पप्पा परत आले तेव्हा डोळे पुसत होते. "इथे सांगावं लागलं नाही," एवढंच म्हणाले.

पुढे रस्ता पाण्याशी संपला. समोर अरुंद खाडी, थोड्या अंतरावर मलेशियात जाणारा पूल आणि पलीकडे जोहोरच्या इमारती, इतक्या जवळ की गॅलरीत वाळत घातलेले कपडे दिसत होते. मी गाडी बंद केली. पप्पा कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"तो दुसरा देश?"

"हो."

"पुलावरून जाता येईल?"

"तुमचा व्हिजा एका प्रवेशाचा आहे, पप्पा. गेलात तर परत आत घेणार नाहीत."

"म्हणजे देश संपला."

"संपला."

ते पलीकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं हिरमुसले. आपल्या नकाशावरचे ते लाल गोल कुठे, आणि हा एवढासा बेटाचा तुकडा कुठे. मी काहीतरी समजूत घालणार होतो, की पुढच्या वर्षी आपण दोघं भारतातच, गाडी भाड्याने घेऊन, वगैरे. तेवढ्यात ते म्हणाले, "विजय, मी इतकी वर्षं देश शिकवला, पण देशाच्या कडेला येऊन उभा कधी राहिलो नव्हतो. आपण सगळा केला रे. मधला काही सोडला नाही." मग थोडं थांबून, "तुझी आई असती तर म्हणाली असती, आता तरी कोपरगावला चला."

आम्ही दोघंही हसलो. मला रडू आलं, ते मी हेल्मेट घालून लपवलं.

मोडीत

गाडी द्यायच्या दिवशी पप्पा बरोबर आले. गाड्या मोडीत काढणाऱ्याचं आवार औद्योगिक वसाहतीत होतं. पत्र्याच्या कुंपणाआड एकावर एक रचलेल्या मोटरसायकली, चाकं वेगळी, टाक्या वेगळ्या. मालक लिम नावाचा गृहस्थ, बनियनवर, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली कॉफी, इथे ती अशीच नळी घालून मिळते. कागद झाले. त्याने नंबरप्लेटकडे बोट दाखवलं, ती आता काढायची. पप्पा गाडीची टाकी रुमालाने पुसत होते.

"पुसून काय करता पप्पा, आता तोडणारच आहेत."

"आई गेली तेव्हाही आंघोळ घातलीच होती ना," ते म्हणाले.

लिम आमच्याकडे बघत होता. भाषा कळत नसली तरी म्हातारा माणूस गाडीला हात लावून उभा आहे, हे त्याला दिसत होतं.

"युवर फादर ऑल्सो राइड, इज इट?"

"बिफोर. लाँग टाइम बिफोर."

त्याने कॉफीचा घोट घेतला. "आउटसाइड, कॅनॉट. इनसाइड माय यार्ड, कॅन. लास्ट राउंड. गो, गो."

मी पप्पांना सांगितलं. त्यांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी चपला घट्ट केल्या, हेल्मेटचा पट्टा लावला आणि हँडलपाशी आले. मी म्हटलं, "गुडघा?"

"बटण दाबायला गुडघा कुठे लागतो?"

ते बसले. पायांनी जमिनीचा अंदाज घेतला. मग मान न वळवता म्हणाले, "बस."

"मी?"

"मागे कोणीतरी लागतं रे. मला एकट्याला चालवायची सवय नाही."

मी मागे बसलो. ती जागा आईची होती, हे दोघांनाही माहीत होतं. बटण दाबलं, गाडी सुरू झाली, पहिला गियर जरा आचका देऊन पडला आणि आम्ही निघालो. मोडलेल्या गाड्यांच्या दोन भिंतींमधून, तेलाची डबकी चुकवत, वळणावर त्यांनी सवयीने हॉर्न वाजवला. माझे हात त्यांच्या कमरेला होते. शर्टातून बरगड्या लागत होत्या. मला त्या क्षणी त्यांचं वय कळलं, आणि ते राजदूतवर असताना मी टाकीवर पुढे बसायचो तेही आठवलं. एका फेरीत लिमचं आवार संपलं. त्याने हातानेच खूण केली, आणखी एक. मग त्यांनी आणखी एक मारली.

गाडी उभी करून पप्पा उतरले आणि किल्ली स्वतः लिमच्या हातात दिली. "थँक यू, सर," म्हणाले. परत आम्ही बसने आलो. वाटेत ते खिडकीशी बसून झोपले.

भिंत

पप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. नगरहून आलेला एक नातेवाईक सांगत होता की सिंगापूरहून परतले त्या साली सुगीच्या सणाला ते चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले. देवाच्या कृपेने मी मोटरसायकलवरून देशभरातली चर्चं बघून आलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणता देश, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मागच्या खेपेला मी गावचं घर रंगवायला काढलं. बाहेरच्या खोलीतला नकाशा मी स्वतः उतरवायला गेलो. गोव्यातले, केरळातले, शिलाँगचे गोल तसेच होते, फिकट झालेले. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे निकोबार संपतं आणि कागदही संपतो, त्याच्या बाहेर भिंतीच्या चुन्यावर लाल पेन्सिलीने एक छोटा ठिपका होता. भूगोलाच्या मास्तरांनी अंदाजाने नाही, अंतर मोजून काढलेला. आणि त्याभोवती बाकीच्यांसारखाच, पण जास्त ठळक, एक गोल.

रंगारी खरवडणी घेऊन उभा होता. "साहेब, हा भिंतीवरचा डाग घासून घेऊ का?"

मी म्हटलं, "नको. तेवढा सोडून रंग मारा."